तेलाच्या डब्यावरची तारीख

‘सोमवारपासून.’ वजनाचा विषय निघाला की हा शब्द येतोच. सोमवारपासून गोड बंद. सोमवारपासून भात बंद. सोमवारपासून जिम. सोमवार उजाडतो, निश्चय बुधवारपर्यंत टिकतो, शुक्रवारी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस निघतो आणि मग पुढचा सोमवार. माझं या शब्दाशी भांडण आहे. तो माणसाला आज काहीच करू देत नाही आणि सोमवारी एकदम सगळं करायला लावतो.

साधा हिशेब मांडू. पंचविसाव्या वर्षी 62 किलो असलेला माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी 80 किलोंचा झाला. 20 वर्षांत 18 किलो. म्हणजे वर्षाला 900 ग्रॅम, दिवसाला अडीच ग्रॅम. इतक्या चोरपावलांनी आलेलं वजन त्याला आता पुतणीच्या लग्नाआधी, महिन्याभरात घालवायचं आहे. लग्नाची तारीख ठरलेली असते, शेरवानी शिवायला टाकलेली असते आणि माणूस सकाळ-संध्याकाळ काकडी खात असतो.

सणासुदीचं वजनही असंच चढतं. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थँक्सगिव्हिंगपासून नव्या वर्षापर्यंतच्या सणाच्या दिवसांत लोकांचं वजन मोजलं. सरासरी वाढ निघाली 370 ग्रॅम. अर्धा किलोसुद्धा नाही. पण ते 370 ग्रॅम पुढच्या वर्षभरात उतरले नाहीत. आपल्याकडे तर श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी आणि लगेच लग्नसराई. प्रत्येक सण आपले दोन-तीनशे ग्रॅम ठेवून जात असेल, तर दहा वर्षांनी काटा काय दाखवेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

अशा वेळी भिंतीवर, रिक्षाच्या पाठीवर, मोबाइलवर जाहिरात दिसते: ‘30 दिवसांत 10 किलो’. ही जाहिरात लबाड आहे, हे स्पष्ट लिहायला हवं. पहिल्या आठवड्यात काटा खरंच खाली येतो, आणि लबाडी तिथेच आहे. यकृतात आणि स्नायूंत शरीर थोडी साखर साठवून ठेवतं. त्या साठ्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी-भाकरी बंद केली की साठा संपतो आणि पाणी निघून जातं. काट्यावर दोन किलो कमी, माणूस खूश, फी वसूल. चरबी होती तिथेच आहे. पहिल्या लग्नाच्या पंगतीत पाणी परत येतं आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो, ‘माझ्यातच निग्रह नाही’. निग्रह होता. त्याला मिळालेलं वचन खोटं होतं.

एकदम खूप घटवण्याचं काय होतं, याचं जगभर गाजलेलं उदाहरण ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेचं. स्पर्धक तासन् तास व्यायाम करायचे, अगदी थोडं खायचे. त्यातल्या 14 जणांचा अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल यांनी केला आणि तो 2016 साली प्रसिद्ध झाला. स्पर्धेत सरासरी 58 किलो उतरले होते. सहा वर्षांनी त्यातले 41 किलो परत आले होते. शिवाय त्यांचं शरीर बसल्या जागी जेवढी ऊर्जा जाळायला हवी होती, त्यापेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं.

मग हळू कमी केलेलं वजन टिकतं का? इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक कडू गोष्ट ऐकावी लागेल. मेलबर्नमध्ये सुमारे 200 लठ्ठ माणसांचे दोन गट केले होते. एका गटाने 12 आठवड्यांत वजन उतरवायचं, दुसऱ्याने 36 आठवड्यांत. 2014 साली निकाल आला. ज्यांनी ठरलेलं वजन उतरवलं, त्यांच्यापैकी झटपटवाल्यांचं आणि सावकाशवाल्यांचंही जवळपास सारखंच वजन परत आलं. घटलेल्यातलं 70 टक्क्यांच्या आसपास, तीन वर्षांच्या आत.

हा अभ्यास लपवून ‘हळू करा, टिकेल’ असं लिहिणं सोपं आहे. ते मी लिहिणार नाही. कार्यक्रम 12 आठवड्यांचा असो की 36, तो कार्यक्रम होता आणि तो संपला, हा मला त्यातला धडा दिसतो. कार्यक्रम संपतो, माणूस आपल्या जुन्या स्वयंपाकघरात परत जातो आणि जुनं वजन तिथे त्याची वाट पाहत असतं. म्हणून माझी कसोटी एकच आहे. जी गोष्ट तुम्ही दहा वर्षांनी करत असाल असं मनापासून वाटत नाही, ती उद्या सुरू करू नका.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घराघरांत दोन पक्ष पडले होते. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभा, दिवसातून दोनदाच खा, 55 मिनिटांच्या आत संपवा, आणि 45 मिनिटं चाला. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: घरचं, आपल्या मातीतलं, ऋतूनुसार आणि थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका. लोक एकमेकांशी भांडले, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडून गेले. दोन्हींकडे फायदा झालेली माणसं मी पाहिली आहेत. दोन्हींकडे तीन महिन्यांत सोडून दिलेली माणसं त्यापेक्षा जास्त पाहिली आहेत. ज्याला दोन जेवणं सहज जमतात, दुपारी चारला हात थरथरत नाहीत, घरात त्यावरून वाद होत नाहीत, त्याने खुशाल तसं करावं. रात्रपाळीच्या नर्सला, फिरतीवरच्या एसटी वाहकाला ते घड्याळ जमणार नसेल, तर तिने किंवा त्याने स्वतःला नापास समजू नये. पथ्य माणसाच्या दिवसात बसलं पाहिजे.

आता तेलाकडे येतो. मला खरं बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

आपल्या घरात वजनाची चर्चा नेहमी भातावर होते. बिचारा भात. तो ताटात पांढराशुभ्र दिसतो म्हणून पकडला जातो. तेल दिसत नाही. ते फोडणीत असतं, पोळीच्या घडीत असतं, कणकेच्या मोहनात असतं, वांग्याच्या रश्श्यावरच्या तवंगात असतं, लोणच्याच्या फोडीखाली असतं. एक ग्रॅम तेल म्हणजे 9 कॅलरी. भात, पोळी, डाळीतल्या पिष्टाच्या किंवा प्रथिनाच्या एका ग्रॅममध्ये 4. आणि आपल्याकडे तेल मोजायची पद्धतच नाही. साखर चमच्याने मोजतो, तांदूळ वाटीने मोजतो, मीठ चिमटीने मोजतो. तेलाची बुधली मात्र हातात घेऊन कढईवर तिरपी करतो आणि मनाला येईल तेव्हा सरळ करतो.

मग मोजायचं कसं? रोज चमचे मोजायला सांगितलं तर चौथ्या दिवशी कुणी मोजणार नाही. एक सोपी युक्ती आहे. तेलाचा नवा डबा फोडला की त्यावर मार्करने तारीख लिहायची. बस. डबा संपेल तेव्हा किती दिवस पुरला ते कळतं. अख्ख्या घराचा हिशेब एका तारखेत मिळतो, आणि त्यात कुणाच्या ताटाकडे डोळे वटारून पाहावं लागत नाही.

आता त्या तारखेचा अर्थ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलं आहे. पाच लिटरच्या डब्यात साडेचार किलोंच्या थोडं वर तेल असतं. चार माणसांच्या घरात तो डबा 30 दिवसांत संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम तेल पोटात जातं आहे. तूप, लोणी, बाहेरचा वडा आणि शेजारून आलेली भजी वेगळी. 27 ग्रॅमच्या हिशेबाने तोच डबा चौघांना 42 दिवस पुरायला हवा.

30 आणि 42 यांच्यात माणशी रोज 11 ग्रॅमचा फरक आहे. म्हणजे रोजच्या 100 कॅलरी. ऐकायला किरकोळ. पण याच केविन हॉल यांनी 2011 साली मांडलेल्या गणितानुसार, रोजच्या 100 कॅलरी कायमच्या कमी झाल्या तर जास्त वजनाच्या प्रौढ माणसाचं वजन शेवटी साधारण चार किलोंनी उतरतं. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, उरलेलं बरंचसं पुढच्या दोन वर्षांत. पहिल्या वर्षात दोन किलो! कुठलीही जाहिरात हा आकडा छापणार नाही, कारण त्यावर कुणी फी भरणार नाही. मला मात्र तो पटतो. त्यात उपाशी राहणं नाही, वेगळा स्वयंपाक नाही आणि तो घरातल्या चौघांचा मिळून आहे.

पहिल्याच डब्याला 42 दिवसांचा हट्ट धरू नका. भाजीची चव गेली की घरात बंड होतं आणि बंड झालं की बुधली पुन्हा तिरपी होते. 30 चे 33 करा. पुढच्या डब्याला 36. फोडणी पळीऐवजी चमच्याने घाला. वांगी आधी भाजून किंवा वाफवून घ्या. कच्ची वांगी तेलात परतली की ती स्पंजसारखी तेल पितात. तळण घरात व्हायलाच हवं, सणाला व्हावंच, पण त्याचा वार ठरलेला असू द्या. भाकरीला तेल लागत नाही, ही आजीला माहीत असलेली गोष्ट आपण विसरलो आणि रोज तेल लावलेल्या चपातीकडे गेलो. आठवड्यातले दोन-तीन दिवस ज्वारी-बाजरी परत आणली तर डबा आपोआप लांबतो.

तेलानंतर चहा. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे आठ चमचे, 40 ग्रॅम साखर, 160 कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. आपण ती मर्यादा जेवणाला बसायच्या आधीच ओलांडलेली असते. ‘आजपासून बिनसाखरेचा’ असं जाहीर करू नका. दुसऱ्याच दिवशी जीभ वैरी होते. दर पंधरा दिवसांनी पाव-अर्धा चमचा कमी करा. दोन-तीन महिन्यांत अर्ध्या चमच्यावर याल आणि पूर्वीचा चहा तोंडात धरवणार नाही, इतकी जीभ बदलते. यजमान आग्रह करतीलच. आपल्याकडे गोड चहा म्हणजे पाहुण्याचा मान. ‘साखर कमी’ हे दोन शब्द दाराशीच सांगायचे, पातेलं चुलीवर चढायच्या आधी. आणि रस्त्यारस्त्यावर ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या लागल्या आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका. गुळातही बहुतांश साखरच असते आणि वजनाच्या हिशेबात दोन्ही जवळपास सारखे.

चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटं हा तर वेगळाच कारखाना. 2019 सालच्या एका प्रयोगात 20 माणसांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, पाकीटबंद प्रकारचं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. हवं तेवढं खा, असं सांगितलं होतं. पाकीटवाल्या दोन आठवड्यांत माणसं रोज 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि सरासरी 900 ग्रॅमनी वाढली. भूक तीच, माणसं तीच. म्हणून बिस्किटाचा पुडा समोर ठेवून ‘दोनच खाईन’ म्हणणाऱ्याला दोष देण्यापेक्षा पुडा घरात न आणणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. चारच्या भुकेला भाजलेले चणे, शेंगदाण्यांची एक मूठ, एखादा पेरू किंवा ताकाचा पेला ठेवा.

उपवासाबद्दल ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनी करून ठेवली आहे, त्यामुळे मी वेगळं काही बोलत नाही. एवढंच सांगतो की साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे. त्यावर दाण्याचं कूट, तूप, बटाटा. श्रद्धेने उपवास करणाऱ्याने तो जरूर करावा. वजन उतरेल या आशेने करणाऱ्याने खिचडीची ताटली लहान घ्यावी.

ताटाचं म्हणाल तर आपलं ताट मुळात चांगलं आहे. बिघडलं आहे ते प्रमाण. पोषण संस्थेच्या त्याच ताटात 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं आहेत, म्हणजे अर्धा किलो! आपल्याकडे पोळ्या चार आणि भाजी दोन डाव. उलटं करायचं. मटकीची, वालाची उसळ वाटीभर, कोशिंबीर वाटीभर, भाजी जास्त, मग भूक असेल तेवढी पोळी-भात. आधी उसळ-भाजी खाऊन घेतली की भाताचा डोंगर आपोआप टेकडी होतो. पिठलं, झुणका, आमटी, अंडी, मासे या सगळ्यात प्रथिन आहे आणि ते पोट धरून ठेवतं. डब्यातली पावडर बहुतेकांना लागत नाही.

चालण्याबद्दल आधी एक कबुली देतो. नुसतं चालून वजन फारसं उतरत नाही. 70 किलोंचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात. परतताना कोपऱ्यावरचा एक वडापाव खाल्ला की त्याच्या दुपटीच्या घरात आत आल्या. उतरवायचं काम मुख्यतः ताटात होतं. चालण्याचं काम वेगळं आहे. उतरलेलं वजन परत येऊ न देणं, रक्तातली साखर आवरणं, स्नायू आणि झोप राखणं. त्यासाठी त्याला तोड नाही.

10,000 पावलांचा आकडा मात्र डोक्यातून काढून टाका. तो कुठल्याही प्रयोगशाळेत सापडलेला नाही. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, 1965 साली जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. नावाचा अर्थ ‘दहा हजार पावलं मोजणारं’. तिथून तो आकडा जगभर पसरला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी 2019 साली सरासरी 72 वर्षांच्या हजारो बायकांचा अभ्यास छापला. रोज 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी कमी दिसला आणि 7,500 च्या आसपास फायदा स्थिरावला. घरातल्या वडीलधाऱ्यांना मोबाइलवरचा 10,000 चा लाल गोल दाखवून हिणवू नका. ते चार हजार चालले तरी त्यांनी मोठं काम केलं आहे.

आणि सुरुवात कुठून करायची तर शतपावलीपासून. आपल्या भाषेत या सवयीसाठी स्वतंत्र शब्द आहे, याचा मला अभिमान वाटतो. जेवण झालं की थोडं चालावं, हे आता रक्तशर्करा मोजणाऱ्या अभ्यासांतही दिसतं. जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाललं की साखरेची उडी लहान होते. आपण शब्द ठेवला आणि सवय टाकली. जेवलो की सोफा, मोबाइल आणि झोपेपर्यंत तीच मालिका. तिथून झोपही तुटते. शिकागोत 80 जास्त वजनाच्या, कमी झोपणाऱ्या माणसांवर झालेल्या 2022 सालच्या अभ्यासात काही जणांची झोप सव्वा तासाने वाढवली. आहाराबद्दल त्यांना काही सांगितलं नव्हतं, तरी ती माणसं रोज 270 कॅलरी कमी खाऊ लागली.

आता काट्याबद्दल. रोज सकाळी काट्यावर चढून दिवसाचा मूड ठरवणाऱ्यांना सांगायचं आहे की काट्याइतकीच टेपही घरात ठेवा. याचं कारण पुण्यातच सापडलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातला वजनाचा आकडा, अगदी सारखा: 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला बारीक, आत चरबी. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा याज्ञिकांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि ही गोष्ट जन्मापासूनच दिसते हे दाखवलं.

म्हणून आपल्यासाठी रेषाही वेगळ्या आहेत. भारतीयांसाठी बीएमआय 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या आत, बाईचा 80 च्या आत हवा. घेर बरगड्यांचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचा. पँटच्या नंबरावर जाऊ नका. कित्येक पुरुष वीस वर्षं ‘माझा नंबर 34 च आहे’ म्हणतात, कारण पोट पुढे आलं तशी पँट पोटाखाली सरकत गेली. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत सुमारे 40 टक्के प्रौढांचं पोट सुटलेलं आढळलं आणि मधुमेही निघाले 10 कोटी 10 लाख. ही संख्या प्रत्येक पंगतीत, प्रत्येक लोकलच्या डब्यात बसलेली आहे.

यात दिलासा देणारी गोष्ट आहे ती चेन्नईची. डॉ. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना चालायला आणि जपून खायला शिकवलं. 2006 साली निकाल आला. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं, आणि काटा तर फारसा हललाही नव्हता. चांगली सवय काट्याला कळायच्या आधी रक्ताला कळते.

सवय लागायला किती दिवस? ‘21 दिवस’ हे सगळे सांगतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर हे मोजलं. मधला आकडा आला 66 दिवसांचा. कुणाला 18 लागले, तर गणिती अंदाजाने कुणाला 254. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचं फारसं बिघडलं नाही. ज्यांचा शुक्रवारच्या केकवर निश्चय मोडतो, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. केक खाल्ला, शनिवारी पुन्हा चालायला जा. सोमवारची वाट पाहू नका.

एका गोष्टीचा मात्र मला राग आहे. घरातल्या पुरुषाला डॉक्टरांनी पथ्य सांगितलं की अख्खं स्वयंपाकघर वळतं. त्याची भाकरी वेगळी, त्याची भाजी बिनतेलाची. घरातल्या बाईला सांगितलं की ती आपलं आपण बघते, आणि पातेल्यात उरलेला भात ‘टाकवत नाही’ म्हणून तीच संपवते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजात भारतातल्या 57 टक्के बायका आणि 42 टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नाहीत असं निघालं. यात बायकांचा आळस शोधणाऱ्याने एकदा सकाळी सहा ते नऊ त्या स्वयंपाकघरात उभं राहून दाखवावं. तिला अर्धा तास बाहेर पडायला मिळावं म्हणून डबे कोण भरणार, हे ठरवा. आणि पडली बाहेर तर चालणार कुठे? फुटपाथवर गाड्या, उरलेल्या जागेत खड्डा, अंधाऱ्या गल्लीत दिवा नाही. लोकप्रतिनिधी वॉर्डात ओपन जिमचं उद्घाटन करतात, फोटो छापून आणतात. आम्हाला आधी सलग एक किलोमीटर फुटपाथ द्या.

आणि हो, समारंभात भेटल्याबरोबर ‘अगं, किती जाड झालीस!’ म्हणणाऱ्या आत्या, मावशी, काकांनो, हे बोलणं थांबवा. त्याने आजवर कुणाचं वजन उतरलेलं नाही. त्या मुलीने त्या दिवशी जेवण टाकलं आणि रात्री फ्रिजसमोर उभं राहून खाल्लं, एवढंच झालं.

2025 पासून वजनाची नवी इंजेक्शनं, मौंजारो आणि वेगोवी, भारतात मिळू लागली. ज्यांना डॉक्टर ती देतात त्यांनी लाजू नये. हे औषध आहे, फसवणूक नाही. पण मैत्रिणीचं बघून, दुकानातून परस्पर घेऊ नका. वेगोवीतलं औषध, सेमाग्लूटाइड, थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आल्याचं अभ्यासात दिसलं आहे. इंजेक्शन घेणाऱ्यालाही तेलाचा डबा आणि शतपावली चुकत नाही. तसंच मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी करू नयेत. साखर एकदम उतरून चक्कर येते. गरोदर बायांनी, वाढीच्या मुलांनी वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये.

आज कुठलाही वार असू दे. रात्री जेवण झालं की चप्पल घालून खाली उतरा, सोबत घरातलं एक माणूस घ्या. आणि स्वयंपाकघरातला डबा संपत आला असेल, तर नवा फोडताना झाकणावर तारीख लिहा. मागचा किती दिवस पुरला होता, ते घरात विचारून पाहा. सांगता येणार नाही कुणाला. या वेळी सांगता यायला हवं.